वागणे बदलण्याआधी दिवस बदलून पाहा

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात 'सकारात्मक वर्तन-साहाय्य' या विषयावर एक छोटे टिपण दिले होते. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली व्यक्ती स्वतःला मारून घेते, वस्तू फेकते किंवा अंगावर धावून येते, तेव्हा ते थांबवण्याच्या मागे लागण्यापूर्वी ते कशामुळे होते व त्यातून तिला काय साधते हे शोधावे, आणि उपाय तिच्या दिनक्रमात, परिसरात व संवादाच्या साधनांत करावा, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर पालकांची, भावंडांची, शिक्षकांची आणि काही दिव्यांग वाचकांचीही पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून, ओळख पटेल असे तपशील वगळून येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला तीव्र बौद्धिक अक्षमता आहे आणि तो बोलत नाही. गेले सहा महिने तो कपाळावर आणि कानशिलावर मुठीने मारून घेतो, हाताला चावतो. आंघोळीच्या वेळी आणि संध्याकाळी हे जास्त होते. 'दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल,' असे मला सांगण्यात आले. मी आठवडाभर मन घट्ट करून दुर्लक्ष केले, तर तो आणखी जोरात मारून घेऊ लागला. शेवटी मी त्याला जवळ घेतलेच. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धा होता, आणि अर्धा सल्ला अशा बाबतीत सल्ला न मिळण्यापेक्षा घातक ठरू शकतो.

सर्वांत आधी मुलाला डॉक्टरांकडे आणि दंतवैद्यांकडे न्या. सहा महिन्यांपूर्वी नसलेले वागणे आज आहे, आणि मार कानशिलाच्या आसपास बसतो आहे; त्यामुळे कानाचा संसर्ग, किडलेला दात, आणि या वयात हमखास लक्षात घ्यावी अशी अक्कलदाढ, या गोष्टी प्रथम तपासल्या पाहिजेत. बद्धकोष्ठता आणि पोटातील आम्ल वर येणे ही आणखी दोन कारणे. त्यांचा डोक्यावर मारून घेण्याशी संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, पण ज्याला 'दुखते' हा शब्द नाही तो वेदनेचे काय करील याचा नेम नसतो. डोळेही तपासून घ्या. एक तर डोक्यावर वारंवार आघात झाल्याने दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो, आणि दुसरे म्हणजे दिसेनासे होत असेल तर तेही तो सांगू शकणार नाही. 'तो तसाच आहे' असे म्हणून तपासणी टाळणारे डॉक्टर भेटले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात संकोच करू नका.

शरीराची बाजू पाहून झाली, किंवा ती पाहणे चालू असतानाच, दोन आठवडे नोंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा : मारून घेण्याच्या आधी काय घडले, त्याने नेमके काय केले, आणि त्यानंतर लगेच काय घडले. वेळ, कोण जवळ होते, आदल्या रात्रीची झोप आणि शौचास झाली की नाही, हेही लिहा. विशेषणे मात्र लिहू नका. 'तो चिडला होता' ही नोंद नव्हे, तो तुमचा अंदाज आहे. 'टीव्ही बंद केला, न्हाणीघराकडे चल म्हटले, त्याने कपाळावर चार वेळा मारले, मी टॉवेल खाली ठेवला' ही नोंद आहे. शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचा. तुमच्या दृष्टीने तुम्ही त्याला शांत होऊ दिले; त्याच्या दृष्टीने आंघोळ रद्द झाली.

'दुर्लक्ष करा' हा सल्ला येथेच लंगडा पडतो. अमेरिकेतील ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिले : कोणी लक्ष देत नसताना, काम सांगितले जात असताना, एकटे असताना आणि खेळत असताना. वरून सारखेच दिसणारे वागणे एका मुलात कामाच्या वेळी उफाळे, दुसऱ्यात एकटेपणी, तिसऱ्यात लक्ष मिळेनासे झाल्यावर. म्हणजे मार तोच, पण प्रत्येकाला त्यातून मिळणारे फळ वेगळे. जो मुलगा कोणीतरी जवळ यावे म्हणून मारून घेतो त्याच्याबाबतीत दुर्लक्षाला निदान काही अर्थ तरी आहे. जो नकोशा गोष्टीतून सुटण्यासाठी मारून घेतो त्याच्याकडे पाठ फिरवली की त्याला हवे तेच मिळते. आणि लक्ष मिळवण्यासाठी असलेले वागणेसुद्धा, लक्ष अचानक बंद झाले की, कमी होण्यापूर्वी काही काळ वाढते. दार उघडेना म्हणून माणूस जसा आधी आणखी जोरात ठोठावतो, तसेच हे. त्या शिखरावर असताना आपण नमलो, आणि रक्त पाहून कोणती आई नमणार नाही, तर जोरात मारले म्हणजेच दार उघडते असे तो शिकतो. म्हणून डोक्यावर मारून घेणाऱ्या मुलाबाबत नुसते दुर्लक्ष हा उपाय मी घरी कोणालाही करायला सांगत नाही.

त्याऐवजी त्याला तेच फळ मिळवण्याचा दुसरा मार्ग द्यायचा असतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये चार मुलांबाबत हे दाखवून दिले. काम अवघड झाले की वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला मदत मागणारे वाक्य शिकवले आणि लक्ष कमी पडले की तसे करणाऱ्याला शाबासकी मागणारे, तर गोंधळ कमी झाला. वाक्यांची अदलाबदल केली, तर तो कमी झाला नाही. तुमचा मुलगा बोलत नाही, तेव्हा वाक्याच्या जागी एक कार्ड, हाताची खूण किंवा दाबताच आवाज येणारे बटण चालेल. मात्र ते मुठीने मारण्यापेक्षा सोपे हवे, आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी, ताबडतोब, लागू पडायला हवे. त्याने 'थांब' हे कार्ड दिले की आंघोळ थांबली पाहिजे, मग अंगाला साबण लागलेला असला तरी. 'मग तो कधीच आंघोळ करणार नाही' ही भीती मी समजू शकते. पहिले काही दिवस तो दहा-दहा वेळा कार्ड देईल. एक मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. कार्ड खरोखर चालते याची त्याला खात्री पटली की ते एक मिनिट हळूहळू पुढे ढकलता येते.

आंघोळीचेही पाहा. पाणी फार गरम आहे का, डोक्यावरून तांब्या ओतला जातो तेव्हा तो दचकतो का, न्हाणीघरात आवाज घुमतो का, दिवसातल्या त्याच्या सर्वांत आवडत्या गोष्टीच्या मधोमधच आंघोळीची वेळ येते का? यांतील एखादी गोष्ट बदलल्यावर प्रश्नच मिटल्याचे मी पाहिले आहे, आणि काहीच न मिटल्याचेही पाहिले आहे. संध्याकाळचा प्रश्न बहुधा निराळा असेल. तुमच्या पत्रात सकाळचा दिनक्रम आहे, दुपारचा आहे, पण चार वाजल्यापासून रात्रीपर्यंत तो काय करतो याबद्दल एक ओळही नाही.

आणि हो, तो मारून घेत असताना त्याच्याजवळ जाणे म्हणजे हरणे नव्हे. हात आणि कपाळ यांच्यामध्ये मऊ उशी धरा, कमीत कमी बोला, चेहरा शांत ठेवा. इजा टाळणे हे त्या क्षणाचे एकमेव काम असते; शिकवण्याचे काम इतर वेळी करायचे.

प्रश्न : माझी मोठी बहीण ३८ वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. ती गेली बारा वर्षे आनंदाने दिव्यांगांच्या कार्यशाळेत जात असे. गेल्या वर्षी आमची आई गेली. त्यानंतर काही महिन्यांनी ताई कार्यशाळेत जाण्याच्या वेळी दारातच बसकण मारू लागली. उठवायला गेल्यास चप्पल फेकते. माझी पत्नी म्हणते की ताई आता लाडावली आहे. तिला बक्षीस लावावे का?

उत्तर : बक्षीस लावण्याची घाई करू नका, कारण कळण्यापूर्वी लावलेले बक्षीस हे बहुतेक वेळा फक्त लाच असते.

डाउन सिंड्रोममध्ये काही गोष्टी इतरांपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात आढळतात : थायरॉइडची कमतरता, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडखळणे, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती लवकर येणे. मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील सांधा सैल असण्याचीही शक्यता असते, आणि तो सरकू लागला तर चालणे बदलते, जिना नकोसा होतो, मान दुखते. दारात बसकण मारणाऱ्या व्यक्तीला चालताना त्रास होतो का, हे पाहणे म्हणून अगत्याचे आहे. तसे वाटले तर तिला हाताला धरून ओढून उठवणे आजपासून बंद करा. अल्झायमरचा धोकाही या सिंड्रोममध्ये लवकरच्या वयात असतो, कारण त्या आजाराशी निगडित एक जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते गुणसूत्र यांच्यात जास्तीचे असते. तो बहुतेकांत पन्नाशीच्या सुमारास उघड होतो, त्यामुळे ताईंबाबत मी त्यावर प्रथम बोट ठेवणार नाही. पण पूर्वी येत असलेल्या गोष्टी ती विसरू लागली आहे का, एवढे मात्र डॉक्टरांना सांगा.

हे सगळे तपासून झाल्यावर, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे असे मला वाटते. आई गेली. ती गेल्याचे ताईंना कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितले? त्यांनी अंत्यदर्शन घेतले का? सकाळी त्यांना दारापर्यंत सोडायला कोण येत असे? बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीचे दुःख पुष्कळदा उशिरा आणि आडवळणाने बाहेर येते, आणि घरातल्यांना तोवर 'हिला फारसे कळलेले दिसत नाही' असे वाटून गेलेले असते. मी घरातून गेले की माणसे नाहीशी होतात, असा अर्थ त्यांनी मनाशी लावला असेल तर दारात बसणे हा हट्ट नव्हे, अगदी तर्काला धरून केलेली कृती आहे. 'देवाघरी गेली', 'झोपली' असल्या शब्दांऐवजी 'आई मरण पावली, तिचे शरीर चालेनासे झाले, ती परत येणार नाही' असे साधे शब्द वापरा. आईचा फोटो आणि तिची एखादी वस्तू ताईंच्या हाताशी असू द्या. कार्यशाळेतून परतल्यावर घरी कोण भेटेल, याचे चित्र त्यांच्या पिशवीत ठेवा.

एक शक्यता मात्र उरतेच. बारा वर्षे त्याच कार्यशाळेत तेच काम केल्यावर एखादीला कंटाळा येऊ शकतो. तुम्हाला किंवा मला आला असता तर आपण नोकरी बदलली असती. ताईंना आजवर कोणी विचारले आहे का?

प्रश्न : मी विशेष शिक्षिका आहे. आम्ही वर्गात चांगल्या वागण्यासाठी तारे देतो आणि पाच तारे झाले की आवडीची वस्तू देतो. हेच सकारात्मक वर्तन-साहाय्य नव्हे का? आणि मुलाच्या त्रासदायक वागण्यामागे 'गरज' शोधत बसलो तर आपण त्याला डोक्यावर बसवत नाही का?

उत्तर : तारे देण्यात वाईट काही नाही, पण तारे म्हणजे हे साहाय्य नव्हे. ताऱ्यांची पद्धत असे गृहीत धरते की मुलाला योग्य वागणे येते आणि त्याला फक्त इच्छा नाही. ज्याला वर्गातील पंख्याचा आवाज असह्य होतो, किंवा ज्याला दिलेले काम दोन इयत्ता वरचे आहे, त्याला पाच ताऱ्यांनी काही येऊ लागत नाही. फक्त दिवसभर तारे न मिळाल्याची खूण त्याच्या नावापुढे राहते.

'सकारात्मक' हा शब्द कोठून आला हे पाहिले तर दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. तो कशाच्या विरोधात आला होता, हे आता विसरले गेले आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत मोठ्या निवासी संस्थांमध्ये अशा वागण्यावर विजेचे झटके, तोंडात लिंबाचा रस, नाकाशी अमोनिया असे उपाय केले जात, आणि त्यांचे अहवाल शास्त्रीय नियतकालिकांत छापून येत. झटक्याने वागणे थांबत नसे असे नाही. ते थांबत असे, आणि हीच अडचण होती, कारण ते का होत होते हे शोधण्याची कोणाला निकड उरत नसे. दरम्यान बेंगट निर्ये आणि वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांच्यासारखे लोक असे मांडत होते की अक्षमता असलेल्या माणसालाही इतरांसारखा दिवस, आठवडा आणि वर्ष मिळाले पाहिजे. वर्तनशास्त्राची निरीक्षणपद्धती आणि हा आग्रह या दोन धारा ८० च्या दशकात एकत्र आल्या. रॉबर्ट हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्रासदायक उपाय टाळणाऱ्या या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. वर उल्लेख आलेल्या एडवर्ड कार यांनी २००२ मध्ये सहलेखकांसह लिहिलेल्या लेखात तर क्रम स्पष्टच केला : जीवनाची प्रत सुधारणे हा पहिला हेतू, आणि त्रासदायक वागणे कमी होणे हा त्यामागून येणारा.

आता डोक्यावर बसवण्याविषयी. गरज ओळखणे आणि मागणी पुरवणे या दोन गोष्टी आहेत. मुलाने पुस्तक फाडल्यावर त्याला गणितातून सूट देणे म्हणजे डोक्यावर बसवणे. पुस्तक फाडण्यापूर्वीच त्याला 'मदत हवी' अशी खूण शिकवणे, गणिते दहाऐवजी चार देणे आणि ती खूण केल्यावर खरोखर मदतीला जाणे म्हणजे साहाय्य. यात मुलाला शिकावे लागते, तुम्हालाही काही बदलावे लागते. माझ्या अनुभवात दुसऱ्या भागाला विरोध अधिक होतो, आणि तो मुलांकडून होत नाही.

प्रश्न : मी स्वमग्न आहे, वय २७. लहानपणी माझे हात हलवणे बंद करण्यासाठी मला तासन्‌तास 'हात खाली' असे सांगून, खाऊ देऊन शिकवले गेले. मी शिकलो. आजही बाहेर असताना माझी निम्मी शक्ती हात खाली ठेवण्यात जाते. तुमचे टिपण वाचून मला वाटले की हे तेच आहे, फक्त नाव गोड आहे. मी चुकतो आहे का?

उत्तर : पूर्णपणे चुकत नाही, आणि या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणे तुमच्यावर अन्याय करणारे होईल. तुम्हाला शिकवले गेले ती पद्धत आणि हे साहाय्य, दोन्हींचे मूळ एकच आहे. डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिझली यांनी १९६८ मध्ये उपयोजित वर्तन-विश्लेषणाची, म्हणजे वर्तनशास्त्राचे नियम प्रत्यक्ष वागणे बदलण्यासाठी वापरण्याची, चौकट मांडली. प्रबलन (वागण्यानंतर हवी ती गोष्ट देऊन ते वागणे वाढवणे), नोंदी, वर्तनाचे प्रयोजन शोधणे हे सर्व सकारात्मक वर्तन-साहाय्याने तेथूनच घेतले. नाव बदलून जुनीच पद्धत चालवणारेही आहेत. इतकेच काय, विजेच्या झटक्यांचे उपकरण पूर्णपणे इतिहासजमा झाले असेही नाही : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतःला इजा करणाऱ्या आणि आक्रमक व्यक्तींवर ते वापरण्यास २०२० मध्ये बंदी घातली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

फरक असलाच तर तो तंत्रात नसून दोन प्रश्नांत आहे, आणि तुमच्या वेळी ते दोन्ही विचारले गेले नाहीत. पहिला : हे वागणे नेमके कोणाला त्रास देते? 'आव्हानात्मक वर्तन' हा शब्द ब्रिटनमध्ये रूढ झाला तेव्हा आव्हान त्या व्यक्तीला नसून तिला सेवा देणाऱ्यांना आहे, असे सुचवण्याचा हेतू होता. पुढे तो शब्दही 'ही व्यक्ती आव्हानात्मक आहे' असा उलटाच वापरला जाऊ लागला. हात हलवण्याने कोणालाही इजा होत नव्हती, तुम्हाला तर त्यातून स्वस्थता मिळत असावी. ते थांबवण्याचे ध्येय ठरवले गेले ते पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी. असे ध्येय योजनेत आले तर ती योजना कितीही मृदू असली, खाऊच्या जागी कितीही कौतुक असले, तरी मी तिला सकारात्मक म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न : ज्याच्यासाठी योजना आहे त्याला ती ठरवताना विचारले होते का? येथे मला स्वतःच्या क्षेत्राविषयी थोडे कडवट लिहावे लागेल. आम्ही प्रशिक्षणांत पालक, शिक्षक, कर्मचारी यांना बोलावतो, आणि ज्याच्या आयुष्याविषयी बोलणे चालू असते तो बहुधा शेजारच्या खोलीत बसलेला असतो. जे बोलू शकत नाहीत त्यांचीही पसंती त्यांच्या वळलेल्या मानेतून, मागे घेतलेल्या हातातून, पुन्हा पुन्हा उचललेल्या वस्तूतून कळू शकते. ती नोंदवण्याची तसदी घेतली पाहिजे.

जाता जाता एक. 'प्रत्येक वर्तन हा संवादच असतो' हे घोषवाक्य हल्ली फार ऐकू येते. मला ते अर्धेच पटते. लेश-नायहान सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात व्यक्ती स्वतःचे ओठ आणि बोटे चावते, आणि काही जण तर हात बांधून ठेवा अशी स्वतःहून विनंती करतात, कारण ती ऊर्मी त्यांच्या इच्छेविरुद्ध येते. तुमचे हात हलवणे हाही कोणाला दिलेला निरोप नसेल, ते केवळ तुमचे असेल. प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत बसणे हेही एक प्रकारचे पहारा देणेच आहे.

प्रश्न : मी एका निवासी संस्थेत काळजीवाहक आहे. चाळिशीतील एक रहिवासी दुपारी इतरांवर धावून जातात. अशा वेळी आम्ही तिघे मिळून त्यांना जमिनीवर पालथे दाबून धरतो. रात्री त्यांच्या खोलीला बाहेरून कडी असते, आणि अलीकडे झोप आणणाऱ्या औषधाचा डोस वाढवला आहे. हे चूक आहे असे मला वाटते, पण दुसरे काय करावे ते कळत नाही.

उत्तर : पालथे दाबून धरणे आजच थांबवा, यात थांबून पाहण्यासारखे काही नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन पडले की छाती फुगायला जागा राहत नाही, आणि अशा रीतीने गुदमरून माणसे मेली आहेत. धडपड वाढली की 'अजून जोर आहे' असे समजून दाब वाढवला जातो, पण ती धडपड श्वासासाठीही असू शकते. बाहेरून लावलेली कडी आगीच्या वेळी काय करील, हे तुम्हाला सांगायला नको.

औषधाबाबत स्वतःहून काही कमी करू नका, अचानक बंद तर अजिबात नको. पण डॉक्टरांना लेखी विचारा की ते कोणत्या आजारासाठी आहे आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कधी तपासणार. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ आक्रमक व्यक्तींना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरील औषधे किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. चार आठवड्यांत आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि सर्वांत जास्त कमी झाली ती औषध नसलेल्या गटात. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आव्हानात्मक वर्तनासाठी मनोविकारावरील असे औषध दिलेच, तर तीन ते चार आठवड्यांनी त्याचा आढावा घ्यावा आणि सहा आठवड्यांत गुण न आल्यास ते थांबवावे. गुण न आलेले औषध वर्षानुवर्षे चालू राहते, कारण ते बंद करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

मग करायचे काय? दुपारी म्हणजे नेमके किती वाजता, हे आधी शोधा. जेवणानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवले जाते का, त्या वेळी कर्मचारी बदलतात का, आवाज वाढतो का? धावून जाण्यापूर्वीच्या खुणा तुम्हाला नक्की ठाऊक असतील : येरझारा, हात चोळणे, आवाज चढणे. दाबून धरायला तिघे लागतात. त्यांच्यातील एकाने या खुणा दिसताच त्यांना बाहेर फिरायला नेले तर उरलेल्या दोघांची गरज पडणार नाही, असे मी पैजेवर म्हणणार नाही, पण महिनाभर करून पाहण्यासारखे आहे. खुणा दिसल्यावर हुकूम देऊ नका, वाट अडवू नका, समोर उभे राहून डोळ्यांत पाहू नका, इतर रहिवाशांना बाजूला घ्या. बळ वापरावे लागले तर प्रत्येक वेळी किती मिनिटे, कोणी, का, याची नोंद झालीच पाहिजे आणि ती संस्थेबाहेरच्या कोणीतरी वाचली पाहिजे. ब्रिटनमधील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात काय चालते हे २०११ मध्ये छुप्या चित्रीकरणामुळे बाहेर आले आणि ११ कर्मचारी दोषी ठरले; तेथे बळाचा वापर हा रोजचा सराव होऊन बसला होता. तुम्हाला अजून खटकते आहे, हे चांगले लक्षण आहे.

प्रत्येक बंधन मात्र सारखे नसते. प्राडर-विली सिंड्रोम या जन्मजात विकारात पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि तेथे स्वयंपाकघराला कुलूप असणे त्या व्यक्तीलाही हायसे वाटण्याजोगे असू शकते. पण तेही तिच्याशी बोलून, लिहून, ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून. सर्वांच्या खोल्यांना सरसकट कडी लावण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

प्रश्न : आमच्या मुलासाठी अशी योजना तयार करून दिली आहे. किती दिवसांत फरक दिसतो? एका वडिलांनी सांगितले की या पद्धतीचा उपयोगच होत नाही असे संशोधनात सिद्ध झाले आहे.

उत्तर : ते बहुधा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीबद्दल बोलत असावेत. तीत बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी काम करणाऱ्या चमूंना या पद्धतीचे प्रशिक्षण दिले गेले, आणि नेहमीच्या सेवेशी तुलना करता आव्हानात्मक वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निकाल झाकून ठेवण्यासारखा नाही. माझे वाचन असे की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि व्यक्तीचा दिवस प्रत्यक्षात बदलणे यांत मोठे अंतर राहू शकते. फाइलमध्ये लावून ठेवलेली योजना कोणाचेच आयुष्य बदलत नाही. तुमच्याकडे आहे ती योजना घरातील प्रत्येकाला तोंडपाठ सांगता येते का, ते आधी पाहा. येत नसेल तर ती फार लांबलचक आहे, आणि एका पानावर आणून देण्यास सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दिवसांचा आकडा मी देणार नाही. एखादे दुखणे सापडून बरे झाले तर आठवड्यात फरक दिसतो, बऱ्याच वर्षांची सवय असेल तर महिने लागतात. मोजताना मात्र वहीची दोन पाने वापरा : एकावर त्रासदायक घटना, आणि दुसऱ्यावर त्या आठवड्यात तो कितीदा बाहेर गेला, कोणाला भेटला, किती गोष्टी त्याने स्वतः निवडल्या. सहा आठवड्यांनी ही दोन्ही पाने योजना लिहून देणाऱ्या तज्ज्ञांसमोर ठेवा. पहिल्या पानावरील आकडे उतरले असतील पण दुसरे पान रिकामे असेल, तर योजना पुन्हा लिहायला सांगा.